उंचीचा पाठ : क्रांती चौकापासून मुंबईच्या मनोऱ्यांपर्यंत

प्रास्ताविक

वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतील शाळांच्या सहली छत्रपती संभाजीनगर शहरात (पूर्वीचे औरंगाबाद) दरवर्षी येतात. जालना रस्त्यावरील क्रांती चौकात गाडी आली की मुले खिडक्यांशी गर्दी करतात. चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उंच चौथऱ्यावर उभा आहे. “गुरुजी, हा किती उंच असेल?” असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. “खूप उंच,” असे उत्तर मिळते आणि गाडी पुढे जाते.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाची जिज्ञासा त्या एका शब्दाने थांबते. ‘खूप’ हे उत्तर नव्हे. उत्तरात संख्या हवी, परिमाण हवे, तुलना हवी आणि ती संख्या कशी काढली हेही हवे. भूगोलाच्या तासाला ‘देशातील उंच इमारती’ हा विषय निघतो तेव्हाही असेच घडते. फळ्यावर चार नावे व चार आकडे लिहिले जातात, मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ज्याने आपल्या शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची कधी मोजलेली नाही, त्याला तीनशे मीटर म्हणजे काय हे कळणार तरी कसे?

यास्तव हा विषय गणित, विज्ञान, इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचा मेळ घालून कसा शिकवावा, याचे दिग्दर्शन पुढे केले आहे. इयत्ता पाचवी ते सातवीसाठी चार ते पाच तासिका पुरतील. चौथीच्या वर्गास पहिला व दुसरा टप्पा घेता येईल.

उद्दिष्टे

(1) उंचीचा अंदाज करणे व ती प्रत्यक्ष मोजणे. (2) इमारत कशाच्या आधारावर उभी राहते हे समजणे. (3) शहरे उंच का वाढतात याची कारणे सांगता येणे. (4) उंचीपेक्षा सुरक्षितता मोठी, हा संस्कार मनावर ठसणे.

साहित्य

मीटरपट्टी, सुतळी, सरळ काठी, चौकोनी कागद, दोरा व खडा, रिकाम्या काड्यापेट्या, ओली माती, ज्वारीचे वाळलेले ताट. यांपैकी एकही वस्तू विकत आणावी लागत नाही.

पहिला टप्पा : ओळखीच्या उंचीपासून आरंभ

ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे अध्यापनाचे सूत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून आरंभ मुलाच्या स्वतःच्या उंचीपासून करावा. भिंतीशी उभे करून प्रत्येकाची उंची सेंटिमीटरमध्ये नोंदवावी. मग वर्गाचे दार, शाळेचे छप्पर, चिंचेचे झाड, मारुतीच्या देवळाचे शिखर, गावचा जलकुंभ असा क्रम घ्यावा. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहून घ्यावा व मागाहून मोजणी करावी. अंदाज चुकला म्हणून मुलास हिणवू नये. चूक किती झाली हे त्याने स्वतः वजाबाकी करून काढले की पुढचा अंदाज आपोआप सुधारतो.

जिथे हात पोचत नाही, तिथे सावलीची मदत घ्यावी. एक मीटर लांबीची काठी उन्हात उभी रोवावी आणि तिची सावली मोजावी. समजा, ती 60 सेंटिमीटर भरली. त्याच वेळी देवळाच्या शिखराच्या टोकाची सावली मोजावी. काठीची सावली 60 सेंटिमीटर असताना उंची 100 सेंटिमीटर, तर शिखराची सावली 7.2 मीटर असताना उंची किती? त्रैराशिकाने उत्तर 12 मीटर येते.

येथे एक बारकावा सांभाळावा. शिखराचे टोक देवळाच्या मध्यावर असते आणि तिथून सावली मोजता येत नाही, कारण मध्ये भिंत येते. यासाठी सावली भिंतीशी काटकोनात पडेल अशी वेळ निवडावी, भिंतीपासून सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात देवळाच्या रुंदीचा निम्मा भाग मिळवावा. भिंतीपासून 5.2 मीटर आणि निम्मी रुंदी 2 मीटर, म्हणजे एकूण 7.2 मीटर. हा निम्मा भाग मिळवण्यास मुले हमखास विसरतात. विसरू द्यावे आणि उत्तर कमी का आले हे त्यांनाच शोधावयास लावावे.

आभाळ भरून आले असेल तर दुसरी रीत वापरावी. चौकोनी कागद कर्णावर दुमडला की काटकोन त्रिकोण मिळतो व त्याच्या दोन बाजू समान असतात. एका उभ्या बाजूशी खडा बांधलेला दोरा लोंबता ठेवून ती बाजू ओळंब्यात धरावी, कर्णाच्या रेषेतून झाडाच्या शेंड्याकडे पाहावे आणि शेंडा त्या रेषेत येईपर्यंत मागे सरकावे. तेथून झाडाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर अधिक पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, हीच झाडाची उंची. जमीन मात्र सपाट असावी.

हा प्रयोग शाळेच्या आवारातच करावा. क्रांती चौकात वाहनांची अखंड वर्दळ असते. तिथे मुलांना सावली मोजण्यास रस्त्यावर उतरवू नये. चौकातील पुतळ्याची माहिती शिक्षकाने द्यावी. सध्याचा पुतळा 2022 च्या फेब्रुवारी महिन्यात उभा राहिला. पुतळा सुमारे 21 फूट आणि चौथरा सुमारे 31 फूट, मिळून सुमारे 52 फूट, म्हणजे जवळजवळ 16 मीटर. या पाठात हीच आपली मोजपट्टी मानावी आणि तिला ‘एक क्रांती चौक’ असे नाव द्यावे. मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली वस्तू परिमाण झाली की पुढचे मोठे आकडे त्यांना परके वाटत नाहीत.

दुसरा टप्पा : जिल्ह्यातील जुन्या उंच वास्तू

आपल्या जिल्ह्यात उंचीचे तीन निरनिराळे धडे उभे आहेत.

पहिला दौलताबादचा चांद मिनार. पंधराव्या शतकात बहमनी राजवटीत तो बांधला गेला. त्याची उंची साधारणपणे 210 फूट सांगितली जाते, म्हणजे सुमारे चार क्रांती चौक. मिनाराची रचना पाहण्यास मुलांना सांगावे. तळ रुंद आणि वर जावे तसतसा घेर कमी, कारण खालच्या दगडास वरच्या सर्व दगडांचा भार सोसावा लागतो.

दुसरा बीबी का मकबरा. सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ तो उभारला गेला. त्याचे चार कोपऱ्यांवरील मिनार प्रत्येकी सुमारे 72 फूट उंच आहेत. या वास्तूच्या शिलालेखात अताउल्ला व हंसपतराय ही रचनाकारांची नावे आढळतात. राजाचे नाव सर्वांना ठाऊक असते, बांधणाऱ्याचे क्वचितच राहते. म्हणून ही दोन नावे मुलांच्या वहीत अवश्य लिहवून घ्यावीत.

तिसरा वेरूळचा कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर कोरले गेले. जगातील इतर उंच वास्तू पायापासून कळसाकडे जातात. कैलास कळसापासून पायाकडे आला. डोंगर वरून खाली फोडीत, नको तेवढा दगड काढीत, सुमारे शंभर फूट उंचीचे मंदिर मोकळे केले गेले. या ठिकाणी मुलांना एक प्रश्न विचारावा : रचताना चुकलेला दगड काढून दुसरा बसवता येतो, पण कोरताना जादा निघालेला दगड परत लावता येतो काय? मुले विचार करू लागतील. कारागिराने आधी मनात संपूर्ण इमारत पाहिली असली पाहिजे, हे ती स्वतःच बोलून दाखवतील.

तिसरा टप्पा : इमारत उंच होण्याची विद्या

मुलांना ओल्या मातीची भिंत करावयास सांगावी. वीतभर उंचीनंतर ती फुगते व कलते. अधिक उंच करावयाची तर पाया रुंद करावा लागतो. दगडविटांच्या इमारतींचीही हीच मर्यादा होती. अमेरिकेतील शिकागो शहरात 1891 साली विटांच्या भिंतींवर सोळा मजली मोनॅडनॉक इमारत बांधली गेली, तेव्हा तळाच्या भिंती सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या. आणखी मजले चढवले असते तर तळमजल्यावर भिंतीच उरल्या असत्या, खोल्या उरल्या नसत्या.

ही अडचण सांगाड्याने सुटली. माणसाचे शरीर त्वचेवर नव्हे, तर हाडांवर उभे असते. तसा लोखंडाचा सांगाडा भार पेलू लागला आणि भिंत केवळ आच्छादन झाली. शिकागोतील दहा मजली होम इन्शुरन्स इमारत (1885) ही या पद्धतीची आरंभीची इमारत म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या देशातही या विचाराची चाहूल लवकर लागली होती. मुंबईच्या काळा घोडा भागातील वॉटसन हॉटेलाचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात घडवून जहाजाने आणला गेला आणि 1860 च्या दशकाच्या अखेरीस येथे जोडला गेला.

तथापि, सांगाडा मिळाला तरी दहाव्या मजल्यावर रोज चढणार कोण? हा प्रश्न पाळण्याने, म्हणजे लिफ्टने सोडवला. 1854 साली न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात एलिशा ओटिस या कारागिराने उंच नेलेल्या पाळण्यावर स्वतः उभे राहून त्याचा दोर तोडवला. पाळणा कोसळला नाही, कारण दोर तुटताच खाचांत अडकणारी कळ त्याने बसवली होती. उंच इमारतींचा मार्ग उंच नेणाऱ्या यंत्राने नव्हे, तर पडू न देणाऱ्या यंत्राने मोकळा केला, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

माणसांसाठी पहिला सुरक्षित पाळणा न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात सुरू झाला तो 1857 च्या मार्च महिन्यात. त्याच वर्षी जून महिन्यात औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाने इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला. त्या उठावातील सैनिकांना देहदंड दिल्याची आठवण क्रांती चौकानजीकचा काळा चबुतरा जागवतो आणि चौकाचे नावही त्याच आठवणीचे आहे. जगाच्या इतिहासाचा आणि गावाच्या इतिहासाचा काळ एकच असतो, हे मुलांना अशा जोडीने उमगते. चबुतरा उंचीने लहान असला तरी तिथे थांबून मान लववावी, हेही सहलीत सांगावे.

सांगाड्याखेरीज आणखी तीन गोष्टी समजावून द्याव्यात.

पहिली, पाया. मराठवाड्यातील मुलास काळ्या मातीचा स्वभाव ठाऊक असतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अशा मातीवर उथळ पाया घेतला तर भिंतीही तडकतात. म्हणून जाणता गवंडी काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणतो. शंभर मजल्यांचा अभियंताही तेच करतो, तो खडकापर्यंत जातो.

दुसरी, वारा. उंच जावे तसा वाऱ्याचा जोर वाढतो. ज्वारीचे ताट हातात देऊन ते का मोडत नाही हे विचारावे. ते थोडे वाकते, त्याला ठरावीक अंतरावर पेरे असतात आणि मुळे जमिनीला धरून असतात. उंच इमारतही वाऱ्यात किंचित डुलते, तिचे मजले पेऱ्यांसारखे सांगाड्यास बांधून ठेवतात. ज्याचे मूळ उथळ, ते ताट अवकाळी वाऱ्यात आडवे होते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही.

तिसरी, पाणी. दर दहा मीटर उंचीस पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅमने वाढतो. गावचा जलकुंभ उंचावर बांधतात तो यासाठीच. तीनशे मीटर उंचीवरून सरळ नळ खाली आणला तर तळाशी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे तीस किलोग्रॅम दाब येईल आणि नळाच्या तोट्या टिकणार नाहीत. म्हणून उंच इमारतीत मधल्या मजल्यांवर टाक्या ठेवून पाणी टप्प्याटप्प्याने चढवतात व उतरवतात.

चौथा टप्पा : देशातील उंच इमारती

आता नकाशा भिंतीवर लावावा आणि पुढील माहिती फळ्यावर लिहावी. आकडे पाठ करून घेऊ नयेत. प्रत्येक उंची किती ‘क्रांती चौक’ होते, हे मुलांनी भागाकाराने काढावे. एक क्रांती चौक म्हणजे 16 मीटर धरावा.

तंजावर : बृहदीश्वर मंदिराचे विमान, अकराव्या शतकाचा आरंभ, 60 मीटरांहून अधिक.
दिल्ली : कुतुबमिनार, सुमारे 72.5 मीटर.
कोलकाता : शहीद मिनार, 1828, सुमारे 48 मीटर.
मुंबई : विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, 1878, सुमारे 85 मीटर.
चेन्नई : आयुर्विमा महामंडळाची इमारत, 1959, सुमारे 54 मीटर.
मुंबई : कफ परेड येथील जागतिक व्यापार केंद्र, 1970, सुमारे 156 मीटर.
बंगळूरु : महात्मा गांधी रस्त्यावरील पंचवीस मजली सार्वजनिक उपयोगिता भवन, 1973, सुमारे 106 मीटर.
मुंबई : ताडदेव येथील इंपीरियल जोडमनोरे, 2010, सुमारे 250 मीटर.
कोलकाता : ‘द फॉर्टी टू’, 2019, सुमारे 250 मीटर.
मुंबई : लोअर परळ येथील वर्ल्ड वन, सुमारे 280 मीटर.
मुंबई : वरळी येथील पॅले रॉयाल, सुमारे 320 मीटर.

या यादीचे निरीक्षण मुलांकडूनच करवावे. जुन्या काळी उंच वास्तू देवाची, विजयाची किंवा विद्येची असे; आज ती बहुधा राहण्याची वा व्यापाराची असते. मुंबईचे नाव यादीत वारंवार येते. 1878 पासून 320 मीटरपर्यंत पोचण्यास किती वर्षे लागली, हेही पाहावे. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यास त्यांच्या आईचे नाव दिले गेले, ही गोष्टही सांगावी.

दोन पुस्तकांत एकाच इमारतीचे आकडे भिन्न आढळले तर गोंधळून जाऊ नये. उंची कुठवर मोजावी याचे संकेत आहेत. इमारतीच्या रचनेचाच भाग असलेला कळस धरतात. नंतर बसवलेला दूरदर्शनचा खांब किंवा ध्वजदंड धरीत नाहीत. मुलास पागोट्यासकट मोजावे की पागोटे काढून, असाच हा प्रश्न आहे.

जगातील सर्वांत उंच इमारत दुबई येथील बुर्ज खलिफा ही होय. 2010 साली ती पूर्ण झाली व तिची उंची 828 मीटर, म्हणजे सुमारे 2,717 फूट आहे. येथे एक मौजेचे गणित साधते. क्रांती चौकातील 52 फुटी पुतळा चौथऱ्यासह एकावर एक 52 वेळा रचला तर 2,704 फूट होतात. बुर्ज खलिफाहून केवळ 13 फूट कमी! हे गणित वर्गात एकदा सुटले की 828 ही संख्या मुले सहसा विसरणार नाहीत.

पाचवा टप्पा : शहर उंच का वाढते?

मुंबई हे समुद्राने वेढलेले चिंचोळे शहर आहे. जमीन थोडी, माणसे फार आणि कामधंदा एकवटलेला. म्हणून जागेची किंमत वाढली व घर वर चढले. खेड्यात भाऊ वेगळे झाले की शेजारी दुसरे घर बांधतात. जिथे शेजारी जागाच नाही, तिथे दुसरे घर डोक्यावर बांधावे लागते.

जागेवर किती बांधकाम करता येईल यास कायद्याची मर्यादा असते. तिला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. हा शब्द कठीण, पण काड्यापेट्यांनी तो सोपा होतो. फरशीवर बारा काड्यापेट्या मावतील एवढा चौकोन आखावा आणि मुलास बाराच काड्यापेट्या द्याव्यात. निर्देशांक एक. बाराही पेट्या पसरल्या तर चौकोन भरतो आणि अंगण उरत नाही. सहा खाली व सहा वर ठेवल्या तर निम्मे अंगण मोकळे राहते. तीन-तीन पेट्यांचे चार मजले केले तर तीनचतुर्थांश अंगण मोकळे. खोल्या तेवढ्याच, उंची निराळी, मोकळी जागा निराळी. आता चोवीस पेट्या द्याव्यात. निर्देशांक दोन झाला, माणसे दुप्पट झाली. पण पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि रस्ता तेवढाच राहिला. शहराच्या नियोजनाचा मुख्य प्रश्न या खेळातून समोर येतो.

मुंबईच्या लोअर परळ, वरळी, ताडदेव या भागांत आज जे मनोरे दिसतात, तिथे पूर्वी गिरणगाव होते. कोकण, घाट आणि देशावरील हजारो कुटुंबे तेथील कापड गिरण्यांवर जगली. 1982 च्या जानेवारीत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप सुरू झाला. त्यानंतर बहुतेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर पुढे उंच इमारती आल्या. वर्ल्ड वन हा मनोरा पूर्वीच्या श्रीनिवास मिलच्या जागी आहे. हा इतिहास कोणास दोष देण्यासाठी नव्हे, तर जमिनीवर आज जे दिसते त्याखाली काल काय होते हे पाहण्याची सवय लागावी म्हणून सांगावा.

या ठिकाणी शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहावे. कदाचित एखाद्या मुलाचे आईवडील पुण्यामुंबईस बांधकामावर गेलेले असतील. विटा वाहणारे, सळ्या बांधणारे, गिलावा करणारे हात बहुधा खेड्यांतूनच जातात. त्या मुलास माहिती विचारावी. सळई कशी बांधतात, काँक्रीटवर किती दिवस पाणी मारतात, उंचावर काम करताना कमरेला पट्टा का लावतात, हे त्याने ऐकलेले असते. ज्याची शाळेतील हजेरी आईबापांच्या स्थलांतरामुळे तुटक राहते, ते मूल या एका पाठात वर्गाचे शिक्षक होऊ शकते. या पाठाचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच ठरेल.

सहावा टप्पा : उंची आणि सुरक्षितता

उंच इमारतींचे वर्णन ऐकून मुलांच्या मनात दोन चुकीच्या समजुती रुजण्याचा संभव असतो. एक, उंच ते श्रेष्ठ. दुसरी, उंच तेवढेच धोक्याचे आणि आपले बसके घर सुरक्षित. दोन्ही समजुती दूर केल्याखेरीज पाठ पूर्ण होत नाही.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. त्या गावांत उंच इमारत एकही नव्हती. घरे बहुतांशी एकमजली होती. भूकंपाची तीव्रता जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यम होती. मग एवढे बळी कशाने गेले? भिंती गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या व जाडजूड होत्या; त्यांचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांस बांधलेले नव्हते; आणि वर मातीचे जड माळवद होते. जमीन हलताच भिंतीची दोन अंगे सुटली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

हा भाग मुलांना भीती घालण्यासाठी सांगू नये. कारण आणि उपाय एकत्र सांगावेत. भिंतीत ठरावीक अंतरावर एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोचणारा लांब दगड घालावा, कोपरे एकमेकांत गुंतवावेत, दारांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा फिरवावा आणि छप्पर हलके ठेवावे. शाळेच्या इमारतीत असा पट्टा कुठे आहे, हे मुलांनी शोधावे. नसल्यास शिक्षकाने ती गोष्ट लेखी कळवावी.

दुसऱ्या बाजूने, 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये झालेल्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबाद शहरातही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी कित्येकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, केवळ खांबांवर ठेवलेला होता. त्याच शहरातील इतर कितीतरी उंच इमारती उभ्याच राहिल्या. म्हणजे घर पाडते ती उंची नव्हे, हयगय पाडते. एकमजली घरास पाडते आणि दहा मजल्यांसही पाडते.

आगीच्या बाबतीत उंचीचा प्रश्न खराच कठीण आहे. अग्निशामक दलाची शिडी अमर्याद उंच जात नाही. म्हणून उंच इमारतीत ठरावीक मजल्यांवर आश्रयाची मोकळी जागा, स्वतंत्र जिना व पाण्याचा खास नळ ठेवणे नियमाने आवश्यक केले आहे. आग लागल्यास पाळणा वापरू नये, जिन्याने उतरावे, हे खेड्यातील मुलासही शिकवावे. उद्या शिक्षणासाठी किंवा कामासाठी ते शहरात जाईल, तेव्हा हे ज्ञान त्याच्या उपयोगी पडेल.

स्वाध्याय

(1) शाळेचा ध्वजस्तंभ, एक झाड व देवळाचे शिखर यांची उंची दोन्ही रीतींनी काढा. उत्तरांत फरक का पडला ते लिहा.
(2) राजाबाई टॉवर व पॅले रॉयाल यांची उंची किती ‘क्रांती चौक’ होते? चांद मिनाराहून प्रत्येक इमारत कितीपट उंच आहे?
(3) बारा काड्यापेट्यांच्या चौकोनात निर्देशांक दीड ठेवून किती पेट्या मांडता येतील? निम्मे अंगण मोकळे ठेवले तर किती मजले होतील?
(4) गावातील गवंडीमामांना शाळेत बोलावून पाया किती खोल घेतात व का, याची माहिती टिपून घ्या.
(5) आपल्या घराची भिंत पाहा. कोपऱ्यात दगड वा विटा एकमेकांत गुंतल्या आहेत काय? छप्पर जड आहे की हलके? घरी वडीलधाऱ्यांशी याविषयी बोला.

समारोप

पाचव्या स्वाध्यायाचे उत्तर वहीत तपासून लाल शेऱ्याने संपवू नये. ज्या घराची भिंत फुगलेली आढळेल, त्या घरच्या पालकांची भेट घ्यावी व ग्रामपंचायतीच्या कानी ती गोष्ट घालावी. किल्लारीच्या गावांतही शाळा होत्या, फळे होते, भूगोलाचे तास होत होते. भिंतीकडे पाहावयास शिकवणारा एक तास एखाद्या घरी पोचला, तर त्याचे मोल कोणत्याही मनोऱ्याच्या मीटरांत मोजता येणार नाही.

आणि पुढील सहलीस गाडी क्रांती चौकात येईल, तेव्हा मुलांनी प्रश्न विचारण्याची वाट पाहू नये. शिक्षकानेच विचारावे, “किती उंच असेल?” एखादे मूल बोटाने अंदाज घेईल, दुसरे सावलीकडे पाहील, तिसरे म्हणेल, “गुरुजी, चौथऱ्यासह की चौथऱ्याशिवाय?” हा तिसरा प्रश्न ऐकू आला की पाठ साधला असे समजावे.